चतुःसीमा

निवांत बसा. ओट्यावर, खिडकीशी, रोज बसता तिथेच. दोन-चार श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

आता घरातल्या कुणा जुन्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं एक नाव आठवा. गल्लीचं नाव. आज ते कुठल्या पाटीवर नाही, रिक्षावाल्याला ठाऊक नाही. आजी मात्र तेच नाव घ्यायची आणि ते घेताना तिचा आवाज बदलायचा. मनातल्या मनात ते एकदा म्हणा. अर्थ लावू नका, नुसतं ऐका.

असंच एखादं नाव घेऊन कुणी सदलग्याला येतो. दूधगंगेकाठचं, बेळगाव जिल्ह्यातलं हे गाव. थोडं पुढे गेलं की महाराष्ट्र लागतो. इथे एकाच वाटेला मराठीत गल्ली म्हणतात, कन्नडमध्ये ओणी म्हणतात. येणाऱ्याच्या पिशवीत पणजोबांचं जुनं खरेदीखत असतं, आणि त्यातलं गल्लीचं नाव आज कशालाच जुळत नाही.

तो कागद मनात उलगडा. घडीवर फाटलेला, कडांना पिवळा पडलेला. गल्लीच्या नावापाशी अडकू नका, थोडं खाली उतरा. तिथे चतुःसीमा आहे: कोणत्या दिशेस कुणाचं घर, कुठे बोळ, कुठे सरकारी रस्ता. वाडवडिलांनी घराची ओळख शेजारावरून लिहून ठेवली. त्या घराला आज आपण मनाने एक प्रदक्षिणा घालू.

पूर्वेस उभे राहा. इथे शेजाऱ्याचं घर आहे. आपल्या खतात पूर्वेस त्याचं नाव असेल, तर त्याच्या खतात पश्चिमेस आपलं नाव असायला हवं. त्याच्या पूर्वेस आणखी कुणी, त्याच्याही पूर्वेस आणखी कुणी. असे चार-पाच कागद शेजारी शेजारी ठेवले की हरवलेली गल्ली घराघराने उभी राहू लागते, आणि तिला नाव नसलं तरी चालतं. कुठेतरी देऊळ येतं, विहीर येते, नदीकडे उतरणारी वाट येते. जी गोष्ट आजही जागची हललेली नाही, तिथे बोट ठेवा आणि घरं मोजत परत या. आपला पत्ता दुसऱ्याच्या कागदात जपलेला असतो. या वाक्यापाशी थोडा वेळ थांबा.

दक्षिणेस वळा. ही पितरांची दिशा. इथे काही नावं दुखतात. कित्येक गावांत वस्त्यांना जातीची नावं होती. ती तिथल्या माणसांनी स्वतःला दिलेली नव्हती, दुसऱ्यांनी त्यांच्यावर लादली होती. याच भागात, निपाणीला, 1925 साली बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृतांच्या परिषदेसाठी आले होते. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला तो 2020 च्या डिसेंबरात. ती नावं पाटीवरून जायलाच हवीत. तरी उद्या त्या वस्तीतली एखादी मुलगी आपल्या पणजीचा माग काढायला निघेल, तेव्हा जुन्या नोंदीतलं नाव तिला मिळालंच पाहिजे. अपमान पुसावा, माणसाचा माग पुसू नये. त्या पणजीसाठी एक श्वास शांतपणे घ्या.

पश्चिमेस या. सूर्य मावळतो ती ही दिशा. 31 ऑक्टोबर 1956 च्या रात्री सदलग्यात कुणी झोपलं ते मुंबई राज्यात आणि सकाळी उठलं ते म्हैसूर राज्यात. 1 नोव्हेंबर 1973 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. 1 नोव्हेंबर 2014 पासून जिल्ह्याचं नाव सरकारी कागदावर बेळगावी आहे. या सगळ्यात घराचा उंबरा तसूभरही सरकला नाही. म्हणून कागद हाती आला की आधी साल बघा. त्या सालचं राज्य कोणतं, दप्तराची भाषा कोणती, लिपी बाळबोध की मोडी, हे कळलं की मग नावाकडे जा.

नाव माणसाचंही बदलतं. 10 ऑक्टोबर 1946 ला याच सदलग्यात विद्याधर नावाचा मुलगा जन्मला. 1968 साली अजमेरला त्याने दिगंबर मुनिदीक्षा घेतली आणि पुढे जगाने त्याला आचार्य विद्यासागर म्हणून ओळखलं. त्यांच्या बालपणीची नोंद शोधायची तर विद्याधर हेच नाव शोधावं लागेल. आणि आपल्या घरातल्या बायका? लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, आणि माहेरचं नाव पुन्हा कुणी विचारलं नाही. घराण्याची वंशावळ किती ठिकाणी अशी अर्धी राहिली आहे. आजीचं माहेरचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर मनाला टोचू द्या.

आता उत्तरेस. ही दिशा मोकळी ठेवा. आपल्या भाषेत उत्तर ही दिशाही आहे आणि प्रश्नाला मिळतं तेही उत्तरच. बेळगावला 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा उभारलेल्या नगराला विजयनगर नाव दिलं होतं. मंडप उठले, नगर गेलं. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली विहीर राहिली, लोक तिला अजून काँग्रेस विहीर म्हणतात. ज्याचा माणसांना रोज उपयोग पडला, त्याचं नाव टिकलं. तुमच्या गल्लीचंही असंच कुठेतरी, कुणाच्या तरी रोजच्या बोलण्यात टिकून असेल. सब-रजिस्ट्रार ऑफिसातली नक्कल, पालिकेतला उतारा, शाळेचा दाखला, हे सगळं उद्या-परवाही मिळेल. बोलणारं माणूस मात्र थांबणार नाही.

प्रदक्षिणा पुरी झाली. डोळे मिटले असतील तर उघडा.

आज जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांत थोर माणसाजवळ जाऊन बसा. गल्लीचं नाव लगेच विचारू नका. विचारा, "तुमच्या लहानपणी दारासमोर कोण राहायचं? उजव्या अंगाला कोण? पाणी कुठून आणायचे?" ते सांगतील तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कन्नडमध्ये सांगितलं तर कन्नडमध्येच. खाली त्यांचं नाव घाला, माहेरचं असेल तर तेही, आणि आजची तारीख. चतुःसीमेतली रिकामी राहिलेली उत्तर बाजू एवढ्याने भरते.