ड्यूटी

खडकीत ड्यूटी लागते, बदलते, सुटते. बंदरावर गेली की तिचा कर होतो. मामंजी इथल्या, १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यात होते. सासूबाई तुळशीपाशी दिवा लावू लागल्या की म्हणायचे, “झाली का हिची सेकंड शिफ्ट सुरू!” सासूबाईंना राग यायचा. दिवा हा त्यांचा धर्म. त्याला ना हजेरी, ना ओव्हरटाइम.

टिळकांचं ‘गीतारहस्य’ (१९१५) वाचताना वाटतं, फळाची आशा न धरणं मामंजींना आयतंच जमलं होतं. आपल्या हातची काडतुसं कुठे गेली, कुणाला लागली, कधी कळलंच नाही. पण फळ न दिसणं म्हणजे अनासक्ती का? मला नाही पटत. अर्जुनाला निदान समोर कोण उभं आहे हे दिसत होतं, आणि ते पाहूनच तो आधी खाली बसला होता.