आधी खाली बघा

धार आणि देवास, दोन्ही पवारांची जुनी संस्थानं. इथल्या मराठी घरांना विमान गाठायचं तर इंदूरलाच जावं लागतं. देवी अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा तो विमानतळ शहराच्या पश्चिमेला, बिजासन टेकडीजवळ आहे. धारकरांना सोयीचा, देवासकरांना मात्र अख्खं इंदूर ओलांडावं लागतं.

विमानतळावर काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना विमान जवळून बघायची हौस असते. शिकवणारा म्हणतो, आधी खाली बघा. विमानं उभी राहतात त्या काँक्रीटवर पडलेला खिळा, बॅगेचं तुटलेलं चाक, पिशवी, जे दिसेल ते उचलायचं. इंजिन हे सगळं आत ओढून घेतं. हा कामाचा कंटाळवाणा भाग वाटेल, पण २००० साली पॅरिसजवळ काँकॉर्ड कोसळलं, त्याची सुरुवात धावपट्टीवरच्या जेमतेम दीड फुटाच्या धातूच्या पट्टीनं झाली. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाची ती पट्टी. तिनं टायर फाडला, त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला. ११३ माणसं गेली.

मग बाकीचं शिक्षण. इंजिनं थांबून लाल दिवा विझेपर्यंत विमानाजवळ जायचं नाही. चाकांना ठोकळे लावायचे. कुठल्या कप्प्यात किती वजन भरलं, याचा हिशेब द्यायचा, कारण विमानाचा तोल त्यावर ठरतो.

रात्रपाळी संपल्यावर देवासला परत कसं जायचं, हे मात्र कुठल्याच प्रशिक्षणात नसतं.