शिबी राजाचा न्याय

शिबी राजाची कथा ठाऊक नाही असा वाचक विरळाच. ससाण्याच्या भयाने कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडते, आणि राजा त्याच्या भारंभार आपले मांस तोडून देतो. हे मांसदान सर्वांच्या ध्यानात राहते. तत्पूर्वी राजाने कबुतराचे गाऱ्हाणे ऐकले व ससाण्याचेही ऐकून घेतले, याचा मात्र बहुधा विसर पडतो. आम्हांस तेच अधिक मोलाचे वाटते.

जून 2025 मध्ये आमच्या मीरा-भाईंदरात गवंडीकाम करणारा पश्चिम बंगालचा एक मनुष्य बांगलादेशी समजून धरला गेला आणि थोड्याच दिवसांत सीमेपलीकडे लोटला गेला. तो भारताचाच नागरिक होता. पुढे त्यास परत आणावे लागले. कोणा एका अंमलदाराची चूक म्हणून ही गोष्ट सोडून द्यावी काय? जेथे आपली हकीकत सांगण्यास जागाच नाही, तेथे पोटासाठी आलेला परदेशी, जीव वाचविण्यासाठी आलेला निर्वासित आणि आपलाच देशबांधव हे तिघे एका रांगेत उभे राहतात, व त्यांतील भेद केवळ बोलीवरून ठरू लागतो.

निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. 1946 चा परकीयांविषयीचा कायदा जाऊन 2025 मध्ये नवा आला. परंतु निर्वासित कोणास म्हणावे व ते कोणी ठरवावे, याची सर्वांस लागू पडणारी रीत त्यातही नाही. तिबेटी लोकांस, श्रीलंकेतील तमिळांस वेळोवेळी सवलती मिळाल्या, हे खरे. तथापि जी सवलत हुकमाने मिळते ती हुकमाने जातेही.

देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेच मे 2025 मध्ये म्हटले. आमच्या शहरात पाण्यासाठी ताटकळणारा गृहस्थही हेच म्हणेल, आणि त्यास निर्दय ठरविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण धर्मशाळेचा कारभारी देखील उतारूचे नाव-गाव विचारून वहीत टिपून घेतो, आणि मगच जागा नाही म्हणतो!

कोल्हापुरानजीक वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. ते परवानगीने आले होते, म्हणून हा दाखला येथे पुरता लागू पडत नाही. परक्यांच्या एवढ्या मोठ्या वस्तीने करवीरकरांचे काही बुडाले नाही, इतके मात्र त्यावरून दिसते.

राज्यघटनेच्या 21 व्या कलमात जीविताचे रक्षण ‘व्यक्ती’स दिले आहे, केवळ नागरिकास नव्हे. चकमांच्या प्रकरणी 1996 मध्ये न्यायालयाने तेच उचलून धरले. रोहिंग्यांच्या प्रकरणी एप्रिल 2021 च्या अंतरिम आदेशात मात्र, हे कलम सर्वांस लागू असले तरी हद्दपार न होण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांशी निगडित आहे, असे ठरले. हे दोन निर्णय एकत्र वाचले म्हणजे मनास स्वस्थता लाभत नाही. ज्यास परत धाडल्यास मृत्यू येईल, त्याच्या जीविताचे रक्षण आपल्या हद्दीपुरतेच करावयाचे काय?

सर्वांस ठेवून घ्या, असे आमचे म्हणणे नाही. धाडण्यापूर्वी ऐका, त्याच्या भाषेत ऐका, आणि ऐकणारा धरणाऱ्याहून निराळा असू द्या, एवढेच.

आमच्या खिडकीसमोर सध्या एक उंच इमारत उठत आहे. परातीवर काम करणारी मंडळी आपसांत बंगालीत बोलतात. वर्ष होत आले. त्यांतील एकाचेही नाव आम्ही अद्याप विचारलेले नाही.