आधी अंतर, मग लेन्स

फुल फ्रेम कॅमेरा घरात आला की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: लेन्स कोणती घ्यायची? दुकानाची पायरी चढण्याआधी या प्रश्नासोबत थोडा वेळ शांत बसू या. कॅमेरा आत्ता जवळ नसला तरी चालेल. एक जाड पुठ्ठा, पट्टी, पेन्सिल आणि कटर घ्या.

पुठ्ठ्याच्या मधोमध ७२ मिलिमीटर रुंद आणि ४८ मिलिमीटर उंच अशी चौकट आखा आणि कापून काढा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. ही खिडकी त्याच्या बरोबर दुप्पट लांबीरुंदीची. त्यामुळे हिशेब सोपा होतो. लेन्सच्या फोकल लेंथच्या, म्हणजे तिच्यावर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या, दुप्पट अंतरावर ती डोळ्यासमोर धरायची, म्हणजे त्या लेन्सला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. ५० मिमीसाठी १० सेंटिमीटर, ३५ मिमीसाठी ७, ८५ मिमीसाठी १७. निसर्गाची थोर छायाचित्रं काढणारे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सही अशी कापलेली चौकट वापरायला सांगत.

आता बसा. घरातलं कोणीतरी समोर, साधारण दोन मीटरवर, आपल्या कामात असू दे. भाजी निवडणारी आई, पुस्तकात डोकं घातलेली मुलगी, पेपर वाचणारे आजोबा. एक डोळा मिटा आणि खिडकी दुसऱ्या डोळ्यापासून १० सेंटिमीटरवर धरा. ही ५० मिमी लेन्स. दोन मीटरवरची जवळपास दीड मीटर रुंद जागा तिच्यात मावते: एक माणूस, त्याचे हात, हातातलं काम, आणि आजूबाजूचा थोडाच पसारा. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या लायका कॅमेऱ्याला हीच फोकल लेंथ होती. तो घडवणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची फिल्म आडवी फिरवून ३६ बाय २४ ची चौकट रूढ केली आणि आजचा फुल फ्रेम सेन्सर तेच माप पुढे चालवतो आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतेक काम ५० मिमीवर केलं. एवढ्याशा खिडकीत एका माणसाची आयुष्यभराची नजर मावू शकते, हे मनात मुरू द्या.

मग खिडकी हळूहळू डोळ्याजवळ आणा. ७ सेंटिमीटरवर ३५ मिमी, ५ सेंटिमीटरच्या जरा आत २४ मिमी. खोली आत येऊ लागते: भिंतीवरचं कॅलेंडर, दोरीवरचे कपडे, छताचा पंखा. समोरचं माणूस तिथेच आहे, पण चौकटीत त्याचा वाटा कमी झाला. आत आलेल्या प्रत्येक वस्तूकडे पाहा आणि स्वतःला विचारा, ही इथे हवी आहे का? वाइड लेन्स सगळ्यांना आत घेते. कोणाला जागा द्यायची हे आपल्यालाच ठरवावं लागतं. बऱ्याच मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा कोन साधारण २४ ते २६ मिमीच्या लेन्सएवढा असतो. म्हणून ही चौकट अनेकांना ओळखीची वाटेल. ओळखीची आहे म्हणजे आवडीची आहे का, हेही तपासा.

आता हात लांब करा. १७ सेंटिमीटरवर ८५ मिमी, २७ वर १३५, आणि ४० वर २०० मिमी. खोली नाहीशी होते. चेहरा आणि खांदे उरतात, मग फक्त चेहरा. कुठल्या अंतरावर आपला हात आपसूक थांबतो? आज कुठे थांबला, उद्या कुठे थांबतो? ते पाहत राहा. निवड करायची घाई नको.

पुढचा भाग उभं राहून करायचा आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. १० सेंटिमीटरवर खिडकी धरून माणूस जेवढा मोठा दिसला, तेवढाच तो १७ सेंटिमीटरवर दिसायला हवा असेल, तर मागे सरकावं लागेल: दोन मीटरवरून जवळपास साडेतीन मीटरवर. २४ मिमीसाठी तोच आकार हवा असेल, तर एक मीटरच्याही आत जावं लागेल. तिन्ही जागांवरून पाहा. माणूस तेवढाच, पण बाकी सगळं बदललेलं. एका मीटरवरून मागचं दार लहान आणि दूर भासतं, साडेतीन मीटरवरून तेच दार मोठं होऊन माणसाच्या पाठीशी येतं. चेहऱ्याचंही तसंच. फार जवळून नाक डोळ्याला कानांपेक्षा बरंच जवळ असतं, म्हणून ते मोठं दिसतं. याचा दोष आपण वाइड लेन्सला देतो, पण हा फरक घडवते ती आपण उभे असलेली जागा. लेन्स कोन ठरवते. वस्तूंचं एकमेकांशी नातं ठरतं ते आपले पाय कुठे आहेत त्यावरून.

म्हणून लेन्सचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा आणि हा विचारा: मला जे टिपायचं आहे, त्यापासून मी किती अंतरावर असायला हवं?

पंढरीच्या वाटेवर दिंडीतून चालताना अंतर हातभराचं असतं. तिथे ३५ किंवा २८ मिमी लागते, आणि ती लावली की जवळ जावंच लागतं, माणसांशी बोलावं लागतं, नजरेला नजर द्यावी लागते. रिंगणात अश्व धावतो तेव्हा आत पाऊल टाकायचं नसतं. अंतर सोहळ्यानं ठरवून दिलेलं असतं, तिथे ७०-२०० मिमी झूम उपयोगी पडते. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी उतरलेले असतात. बोट फार जवळ नेली तर ते चरणं सोडून उडतात. ४०० मिमी किंवा त्याहून लांब लेन्स म्हणजे त्यांना निवांत चरू देण्याची सोय. कासच्या पठारावर पायवाट सोडली की पायाखाली फुलं चिरडतात. ज्याचं छायाचित्र घ्यायचं त्याला आपल्या येण्यानं त्रास होऊ नये, ही अंतर ठरवण्याची पहिली कसोटी. आपली आवडनिवड त्यानंतर.

पुन्हा बसा. संध्याकाळ होऊ द्या, पण दिवा लगेच लावू नका. उजेड कमी होताना खोली पाहत राहा. ५० मिमी लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ/१.८ असेल, तर तिचं तोंड सुमारे २८ मिलिमीटर उघडतं. एफ/४ वर साडेबारा. उजेडात फरक पडतो जवळपास पाचपट. जिथे पहिली लेन्स सेकंदाच्या अडीचशेव्या भागात चित्र घेईल, तिथे दुसरीला पन्नासावा भाग लागेल, आणि तेवढ्यात मुलाचा हात हललेला असेल. समईच्या उजेडातला गाभारा, चुलीपुढची आजी, रात्रीचं भजन हे तुमचे विषय असतील, तर मोठ्या अ‍ॅपर्चरवर खर्च करणं योग्य आहे. भर उन्हातले किल्ले आणि कडे टिपायचे असतील, तर एफ/८ वरच काम होणार. तिथे एफ/४ ची हलकी लेन्स पुरते.

मोठ्या अ‍ॅपर्चरची दुसरी बाजूही लक्षात घ्या. दोन मीटरवरच्या माणसावर ५० मिमी एफ/१.८ नं फोकस केला, तर सुमारे १७ सेंटिमीटरचा पट्टाच स्पष्ट येतो. ८५ मिमीवर तो ६ सेंटिमीटरवर येतो. डोळे स्पष्ट, कान धूसर. समोरच्या दृश्यातलं काय धूसर झालेलं तुम्हाला चालेल? आईच्या मागची भांड्यांची मांडणी पुसली गेली तर चित्र चांगलं होईल की त्यातलं तिचं घर निघून जाईल? याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं, आणि किमतीच्या पाटीवर ते लिहिलेलं नसतं.

आता वजन. ५० मिमी एफ/१.८ अनेकदा दोनशे ग्रॅमच्या आत असते. ७०-२०० मिमी एफ/२.८ एक ते दीड किलोची. पाण्याची लिटरभर भरलेली बाटली पिशवीत घालून दिवसभर हिंडा, पाणी मात्र पिऊ नका. हरिश्चंद्रगडाची चढण डोळ्यांसमोर आणा. कोकणकड्याशी पोचल्यावर बॅग उघडायचं बळ उरेल का? खांद्याला जे झेपेल तेच रोज सोबत येईल. उरलेलं कपाटात राहील, आणि आपल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या भिंगावर फंगस धरतं. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा किंवा ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारं ड्राय कॅबिनेट हवंच, पण नेहमीचा वापर, उजेड आणि वारा यांचीही लेन्सला मदत होते.

आधी क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा, कॅमेरा असेल, तर जुनी छायाचित्रं संगणकावर उघडा. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ नोंदलेली असते. निकॉन, सोनीसाठी तिला १.५ नं गुणा, कॅननसाठी १.६ नं, म्हणजे फुल फ्रेमवर तेवढाच कोन देणारी फोकल लेंथ मिळेल. मनापासून आवडलेली तेवढीच निवडा आणि ती कुठल्या आकड्याभोवती जमतात ते पाहा. क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली लेन्स फुल फ्रेमवर बसली, तरी सेन्सरचा निम्म्याहून कमी भाग कामी येतो. म्हणून लेन्स फुल फ्रेमची आहे आणि आपल्या माउंटची आहे, हे विचारून घ्या.

पुठ्ठ्याची खिडकी आठवडाभर खिशात बाळगा. बसस्टॉपवर, बाजारात, देवळात, शेताच्या बांधावर काढून पाहा. ज्या अंतरावर हात वारंवार थांबतो, त्या फोकल लेंथची एकच लेन्स घ्या, आणि वर्षाचे तिन्ही ऋतू तिच्यावर काढा. दुसरीसाठी पैसे बाजूला काढाल तेव्हा एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: या लेन्सवाचून कुठलं चित्र राहून गेलं? त्या चित्राचं नाव सांगता आलं, तर लेन्स जरूर घ्या. नाही सांगता आलं, तर त्याच पैशांतून प्रवासाचं तिकीट काढा.