आजीची श्रद्धा आणि वारशाचा प्रश्न

मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेत आजीच्या स्मरणापुढे एक तात्त्विक अडचण उभी राहते. श्रद्धा वारशाने मिळत नाही, या आग्रहातूनच हा पंथ जन्मला. १५२५ मध्ये झुरिच येथे काही जणांनी तान्हेपणीचा बाप्तिस्मा निरर्थक ठरवून जाणत्या वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला. पुढे १५३६ मध्ये मेनो सायमन्स या डच धर्मगुरूने कॅथलिक चर्च सोडले आणि विखुरलेल्या अनुयायांना सावरले. पंथाला नावही त्याचेच मिळाले. आईबाप ख्रिस्ती आहेत एवढ्यावर मूल ख्रिस्ती ठरत नाही, अशी या लोकांची धारणा. मृतांसाठी प्रार्थना करणे किंवा संतांकडे मध्यस्थी मागणे त्यांना मान्य नाही. म्हणजे गेलेल्या आजीची पुण्याई नातवंडांच्या खाती जमा होत नाही आणि नातवंडांच्या कोणत्याही विधीने आजीची गती बदलत नाही. मग तिची आठवण काढायची ती कशासाठी?

याच पंथाने आठवणींचा एक प्रचंड ग्रंथही जपला आहे. टिलेमन फान ब्राख्त याने १६६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हुतात्म्यांचा आरसा’ या संग्रहात छळाला बळी पडलेल्या स्त्रियांच्या कितीतरी कथा आहेत. आन्नेकेन यान्स हिला १५३९ मध्ये रॉटरडॅमला बुडवून मारले. त्याआधी तिने तान्ह्या मुलाला कुणा दयाळू माणसाच्या स्वाधीन केले आणि त्याच्यासाठी पत्र मागे ठेवले. पत्राचा रोख स्पष्ट आहे: आई ज्या वाटेने गेली ती वाट मुलाने स्वतः शोधावी आणि निवडावी. निवड मुलाचीच, पण निवडायला समोर काही दिसले पाहिजे, आणि ते दाखवणे आईचे काम. बायबलमध्ये पौल तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस हिच्या विश्वासाचा उल्लेख करतो, तोही याच अर्थाने घेता येतो.

महाराष्ट्रातल्या यवतमाळ जिल्ह्यात श्रद्धेच्या वारशाचा हा प्रश्न थोड्या वेगळ्या वाटेने पोहोचला. इथले मिशनकाम मुख्यतः अमेरिकेतील फ्री मेथडिस्टांचे. पांढरकवड्याजवळ उमरी येथे त्यांचे रुग्णालय उभे राहिले. फ्री मेथडिस्टांना बाळाचा बाप्तिस्मा वर्ज्य नाही, पण प्रत्येकाचा स्वतःचा हृदयपालट झाला पाहिजे, यावर त्यांचाही भर असतो. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला हलली. मधल्या तीस वर्षांत तिच्याशी सहकार्य करणाऱ्या मंडळ्यांत मेनोनाइटही होते. त्यामुळे वऱ्हाडातल्या या कापसाच्या गावाचा संबंध धमतरीसारख्या दूरच्या मेनोनाइट मंडळीशी जुळला.

धमतरीचा इतिहास आजीच्या प्रश्नाला फार जवळून भिडतो. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइटांनी भारतात धान्याची मदत पाठवली आणि १८९९ मध्ये त्यांचे मिशन तेव्हाच्या मध्य प्रांतातील धमतरी येथे सुरू झाले. लगेच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आला आणि अनाथाश्रम भरून गेले. मंडळीची पहिली पिढी बरीचशी या अनाथ मुलामुलींतून घडली. त्यांतल्या मुली मोठ्या झाल्या, अनाथाश्रमातल्याच मुलांशी त्यांची लग्ने झाली, पुढे त्या आजी झाल्या. पण त्यांना स्वतःला आजी लाभली नव्हती. काहींना आपले मूळ गावही सांगता येत नसे. जिथे कुळाची वाट दुष्काळातच तुटली होती, तिथे आजीपासूनच वंशावळ सुरू झाली. श्रद्धा वारशाने मिळत नाही, हे तत्त्व युरोपात राजसत्ता आणि चर्च यांच्या विरोधात मांडले गेले. इथे ते या बायकांच्या आयुष्यात अक्षरशः खरे ठरले.

मराठी ख्रिस्ती समाजात श्रद्धा स्वतः निवडल्याचे वेगळे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्या मेनोनाइट नव्हत्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. पतीच्या मागोमाग जाण्याची रीत सर्वमान्य असलेल्या काळात त्यांनी पाच वर्षे स्वतःचा निर्णय राखून ठेवला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला पतीच्या चरित्रापेक्षा या बाईचे स्वतःचे मन अधिक लक्षात राहते, ते उगाच नव्हे.

श्रद्धेच्या निवडीबरोबर सेवा हा मेनोनाइट जीवनाचा दुसरा खांब. खरी श्रद्धा भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देताना दिसते, असे मेनोने लिहिले. शस्त्र न धरणे आणि शपथ न घेणे हेही त्याच शिस्तीत येते. पाय धुण्याचा विधीही याच परंपरेतला. त्यात बायका बायकांचे पाय धुतात. उपासनेत स्त्रीने डोके झाकावे हा अमेरिकन मेनोनाइटांचा नियम भारतीय बायकांना मुळीच अवघड गेला नसावा. डोक्यावर पदर होताच.

सेवेवर मात्र मोठा आक्षेप घेतला गेला. यवतमाळला लागूनच असलेल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला राहणाऱ्या गांधीजींनी धर्मांतराचा हेतू बाळगून केलेल्या सेवेला सतत विरोध केला. यवतमाळ मध्य प्रदेशात असतानाच, १९५६ मध्ये, मिशनरी कार्याची चौकशी करणाऱ्या सरकारी नियोगी समितीने मिशनच्या शाळा, रुग्णालये आणि अनाथाश्रमांवर धर्मांतराचे साधन असल्याचा ठपका ठेवला. दुष्काळात भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच हातातून आले असतील, तर ती निवड कितपत मोकळी, हा प्रश्न मेनोनाइटांना इतरांपेक्षा अधिक बोचायला हवा. सक्तीच्या श्रद्धेला नाकारूनच त्यांचा पंथ उभा राहिला. भुकेल्या मुलाला अन्न देण्याआधी त्याच्या निवडीची वाट पाहता येत नाही, हेही तितकेच खरे.

वादाच्या दोन्ही बाजूंनी हिशेब मांडला तो संस्थांचा. मिशनच्या अहवालांत शाळा, खाटा आणि बाप्तिस्मे यांची मोजदाद झाली. समितीनेही त्याच संस्था तपासल्या. घरोघरी बायबल शिकवणाऱ्या पगारी बायबलबाईचे नाव निदान पगारपत्रकात तरी सापडू शकते. शेजारणीच्या बाळंतपणात रात्रभर बसणे, संडे स्कूलची पोरे सांभाळणे, महिला मंडळासाठी मूठ मूठ तांदूळ बाजूला काढणे, घरी आलेल्या कुणालाही न विचारता जेवू घालणे, असली कामे कोणत्याच कागदावर चढत नाहीत. त्यांची नोंद उरते ती अंत्यविधीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सभेत आणि घरातल्या बोलण्यात. ती नोंद प्रेमातली, म्हणून एकतर्फी असते. आजीचा हट्ट, सुनांशी झालेली कुरबूर, मुलाने मंडळी सोडली तेव्हाचा तिचा राग, हे तिथे सहसा सांगितले जात नाही. श्रद्धा ज्याची त्याने निवडायची असेल, तर नातवंडांना या वगळलेल्या गोष्टीही ठाऊक असायला हव्यात; निवड करायची ती निम्म्या माहितीवर करता येत नाही.