पहिली शाळा आपल्या घरात

(चिंतनासाठी वाचन : संत पौलाचे तीमथ्याला दुसरे पत्र 1:3-7 व 3:14-15)



29 जून हा संत पेत्र व संत पौल या प्रेषितांचा सण. राज्यात इतरत्र जूनच्या मध्यालाच शाळा सुरू होतात. पण आपल्या विदर्भात ऊन लवकर हटत नाही. म्हणून आपल्याकडे शाळेची पहिली घंटा जूनच्या अखेरीस, या सणाच्या आगेमागेच वाजते. घरोघरी वह्या-पुस्तकांना कव्हरे घालणे चालू असते, गेल्या वर्षीच्या गणवेशाची दुमड उसवून तो लांब केला जातो, आणि त्याच दिवसांत आपण चर्चमध्ये या दोन महान प्रेषितांचे स्मरण करतो.

या सणाच्या मिस्सामध्ये दुसरे वाचन असते ते पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले. पौल तुरुंगात आहे, शेवट जवळ आला आहे. धाव संपली, विश्वास राखला, असे तो समाधानाने सांगतो. हा भाग आपल्या परिचयाचा आहे. पण घरी गेल्यावर त्याच पत्राचे पहिले पान उघडून पाहा. ज्या तरुणावर तो मंडळीची जबाबदारी सोपवतो आहे, त्याच्याविषयी लिहिताना पौलाला दोन स्त्रिया आठवतात. एक तीमथ्याची आजी लोईस आणि दुसरी त्याची आई युनीके. जो निष्कपट विश्वास तीमथ्यामध्ये आहे, तो आधी या दोघींमध्ये होता, असे पौल म्हणतो. पुढे तो त्याला आठवण देतो की, तू बाळपणापासून पवित्र शास्त्र शिकला आहेस आणि ते कोणाकडून शिकलास हे विसरू नकोस.

पौल स्वतः गमलिएल नावाच्या मोठ्या गुरूच्या चरणाशी बसून शिकलेला विद्वान होता. शाळेची आणि शिक्षकाची किंमत त्याला ठाऊक होती. तरीही तीमथ्याच्या शिक्षणाचे श्रेय तो देतो ते घरातल्या आजीला आणि आईला. आज शाळा उघडत असताना आपण सर्व आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी ही गोष्ट मनात धरावी, असे मला वाटते.

एका आईचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या पालक सभेला मी गेलो होतो. मागच्या बाकावर बसून पाहत होतो. एकेका पालकाला बोलावून मुलाची प्रगती सांगितली जात होती. एक ताई दाराजवळच उभ्या होत्या. हातातले शिवणकाम टाकून धावत आलेल्या. गळ्यात मापाचा टेप तसाच लटकत होता. त्यांचा मुलगा पाचवीत. "अपूर्णांकात कच्चा आहे, घरी लक्ष द्या," एवढे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी मान हलवली, सही केली आणि निघाल्या.

फाटकापाशी मी विचारले, "ताई, मॅडमला काही विचारले नाही?"

त्या म्हणाल्या, "मले काय समजते फादर त्यातलं? मी चौथी शिकलेली. फी भरली, ट्यूशन लावली. आता आणखी काय करू, तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "देवावर भरवसा ठेवा, प्रार्थना करा." आणि गाडीला किक मारून निघून आलो. बंधू-भगिनींनो, प्रार्थना करा हे सांगणे चुकीचे नव्हते. पण त्या माउलीने मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर न देता तिथून सुटका करून घेतली, हे मला नंतर जाणवले. आजचे हे चिंतन म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे. कारण तोच प्रश्न आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी घरांत आहे, फक्त तो कोणी बोलून दाखवत नाही.

ख्रिस्तसभा काय सांगते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी घोषणापत्र प्रसिद्ध केले. आई-वडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत आणि त्यांची उणीव सहसा भरून निघत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्ये कुटुंबाविषयी लिहिताना हाच विचार पुढे नेला. हे कर्तव्य संपूर्णपणे दुसऱ्यावर टाकून देता येत नाही, असे ते सांगतात. शिक्षक मदत करतील, सिस्टर मदत करतील, धर्मगुरू मदत करतील. पण आई-वडिलांची जागा कोणी घेणार नाही.

लक्षात घ्या, यात कुठेही "शिकलेले आई-वडील" असा शब्द नाही. पदवी असलेल्यांनीच हे करावे, चौथी शिकलेल्यांनी करू नये, असे ख्रिस्तसभेने म्हटलेले नाही. आपल्या मुलांच्या स्नानसंस्काराच्या वेळी तुम्हाला कोणी तुमची गुणपत्रिका विचारली नव्हती. तरीही त्या विधीत तुम्ही मुलाला विश्वासात वाढवण्याचे वचन दिले आणि विश्वासाच्या मार्गावर या बाळाचे पहिले शिक्षक म्हणून तुमच्यासाठी आशीर्वाद मागितला गेला.

आपल्याच गावांतले उदाहरण

कोणी म्हणेल, फादर, हे बोलायला ठीक आहे, पण अडाणी आई मुलाला शिकवणार काय? तर ऐका. कोरोनाच्या काळात शाळा आणि अंगणवाड्या दीर्घकाळ बंद राहिल्या. 2022 मध्ये पहिलीत येणाऱ्या कितीतरी मुलांना वर्गात बसण्याची सवयच नव्हती. तेव्हा राज्य शासनाने 'प्रथम' या संस्थेच्या साहाय्याने 'पहिले पाऊल' नावाचे शाळापूर्व तयारी अभियान हाती घेतले. गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत मेळावे भरले. एक उन्हाळ्यात, दुसरा शाळा उघडताना.

या मेळाव्यात वेगवेगळी टेबले मांडलेली असत. एका ठिकाणी उड्या मारणे आणि चेंडू झेलणे, दुसऱ्या ठिकाणी रंग आणि आकार ओळखणे, तिसऱ्या ठिकाणी चित्र पाहून गोष्ट सांगणे, चौथ्या ठिकाणी वस्तू मोजणे. बाळाचा हात धरून आई टेबलावरून टेबलावर जाई. बाळाला काय जमते आणि कुठे मदत हवी, याची नोंद विकासपत्रावर केली जाई. मग वस्तीवस्तीत मातांचे गट तयार झाले. दर आठवड्याला घरी करायच्या सोप्या कृती त्यांना दिल्या जात. त्यासाठी महागडे साहित्य लागत नव्हते. डाळ आणि तांदूळ वेगळे करणे, धुतलेले कपडे घडी करून लहान-मोठे लावणे, पोळ्या मोजणे, बाजारातून आणलेल्या भाज्यांची नावे सांगणे, एवढेच. ज्या आईने शाळेचा उंबरठा फक्त सही करण्यापुरता ओलांडला होता, ती आता मुलासोबत तिथे बसू लागली. आपले घर हेच शिकण्याचे साहित्य आहे, हे तिला उमगले.

प्रभू येशूचे दाखले आठवा. स्त्रीने पिठात मिसळलेले खमीर, जुन्या कापडाला लावलेले नवे ठिगळ, दिवठणीवरचा दिवा, हरवलेल्या नाण्यासाठी झाडून काढलेले घर. या गोष्टी स्वयंपाकघरातल्या आणि अंगणातल्या आहेत. नाझरेथच्या त्या लहानशा घरात पवित्र मरियेच्या पदराआड आणि संत योसेफाच्या कामाच्या ठिकाणी बाळ येशूने डोळे उघडे ठेवून पाहिले असेल, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

आता त्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे परत या. त्यांच्या मुलाला अपूर्णांक येत नव्हते. आणि त्यांच्या गळ्यात काय होते? टेप! पाव इंच, अर्धा इंच, पाऊण इंच, सव्वा मीटर, दीड मीटर. दिवसभर त्या अपूर्णांकच कापत आणि जोडत होत्या. मुलाला शेजारी बसवून "हा अर्धा मीटर, याचे दोन सारखे तुकडे कर, आता एक तुकडा केवढा?" असे विचारले असते, तर तो धडा तो जन्मात विसरला नसता. हे मला त्या दिवशी सुचायला हवे होते. कापूस वेचायला जाणारी आपली बहीण किलोवर मजुरी घेते. दिवसाचे किलो आणि हातात आलेले पैसे यांचा हिशेब तिला तोंडपाठ असतो. तो हिशेब मुलाला करू द्या. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांनी दिवसाची कमाई आणि पेट्रोलचा खर्च मुलीकडून मांडून घ्यावा. तुम्हाला काही येत नाही, असे तुम्हाला वाटते; ते खरे नाही.

निरक्षर आईचा संत मुलगा

संत जॉन बॉस्को दोन वर्षांचेही झाले नव्हते, तेव्हा 1817 मध्ये त्यांचे वडील वारले. आई मार्गारेट ही शेतात राबणारी बाई, लिहिता-वाचता न येणारी. पण धर्मशिक्षणाचे धडे तिला पाठ होते. ते तिने मुलांकडून घोकून घेतले. 1846 मध्ये डॉन बॉस्कोंच्या मदतीसाठी ती गाव सोडून तुरीन शहरात आली आणि 1856 मध्ये मरेपर्यंत निराधार मुलांसाठी स्वयंपाक करीत, त्यांचे कपडे शिवीत राहिली. रात्री झोपण्यापूर्वी मुलांशी प्रेमाचे दोन शब्द बोलण्याची प्रथा सालेशियन संस्थांत आजही आहे. तिची सुरुवात या माउलीपासून झाली, असे मानतात. जगभर शाळा चालवणाऱ्या एका मोठ्या संघाच्या मुळाशी एक निरक्षर आई आहे!

आपल्या मातीतही अशी साक्ष आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेले संत गाडगेबाबा स्वतः शाळा शिकले नव्हते. पण कीर्तनातून ते लोकांना कळकळीने सांगत की, ताट नसेल तर हातावर भाकरी खा, साधे लुगडे नेसा, पण मुलाला शाळेवाचून ठेवू नका. आज आपण ताट मोडत नाही, पण कर्ज काढून फी भरतो. तो त्याग देव पाहतो. तरीही मी नम्रपणे विचारतो : फी भरली म्हणजे कर्तव्य संपले का?

आपण काय करावे?

दिवसभर राबून आलेल्या माणसाला आणखी ओझे द्यावे, असा माझा हेतू नाही. म्हणून थोडक्या गोष्टी सांगतो.

पहिली, रोज दहा मिनिटे. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. "आज काय शिकलास? मला सांग," असे मुलाला विचारा. तुम्हाला कळले नाही तर आणखी चांगले. तुम्हाला समजावता समजावता त्यालाच ते समजेल. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये कुटुंबाविषयी लिहिताना पालकांना सुचवले होते की, मूल शरीराने कुठे आहे एवढेच पाहू नका, मनाने ते कुठे आहे हेही पाहा. ते या दहा मिनिटांत कळते.

दुसरी, आपल्या बोलीची लाज बाळगू नका. घरी वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी. मेळघाटातल्या लेकरांच्या घरी कोरकू. आपली भाषा शाळेत चालत नाही म्हणून कित्येक आजी नातवाशी बोलणेच टाळतात. असे करू नका. गोष्टी सांगा, म्हणी सांगा. घरच्या भाषेत ज्याची जीभ मोकळी झाली, तो दुसरी भाषाही उचलतो.

तिसरी, शाळेत जा. फक्त आईने नव्हे, वडिलांनीही. बाल आनंद मेळाव्यात मुले भजी-पोह्यांचे दुकान मांडतात, सुटे पैसे मोजतात. तिथे जाऊन त्यांच्याकडून एक प्लेट विकत घ्या. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. खासगी शाळांत शिक्षक-पालक संघ असतो. ही जागा तुमची आहे. आणि आपल्या धर्मग्रामातल्या शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे : दाराजवळ उभ्या राहिलेल्या आईला आधी खुर्ची द्या, मग मुलाची उणीव सांगा.

चौथी, रविवारचे धर्मशिक्षण. मुलाला फाटकाशी सोडून परत जाऊ नका. घरी विचारा, आज कोणती गोष्ट ऐकलीस? आजी-आजोबांनो, आपल्या घरातील लोईस तुम्हीच आहात. रात्रीची रोझरी नातवंडांना जवळ घेऊन करा.

प्रिय बंधू-भगिनींनो, लोईस आणि युनीके यांची नावे बायबलमध्ये एकदाच येतात. त्यांनी काय केले याचे वर्णन नाही. पण त्यांनी शिकवलेला मुलगा ख्रिस्तसभेचा मेंढपाळ झाला. तुमचे नावही कुठे छापून येणार नाही. पण उद्या तुमचे मूल उभे राहील, तेव्हा ते कोणाकडून शिकले हे त्याला आठवेल.

आपण प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू नाझरेथच्या घरात ज्ञानाने आणि वयाने वाढलास. आमच्या लेकरांना या नव्या वर्षात बुद्धी दे, त्यांच्या शिक्षकांना सहनशीलता दे. आणि आम्हा आई-वडिलांच्या मनातील "मला काही येत नाही" ही भीती काढून टाक. आमचे थकलेले हात तुझ्या हातात घे आणि आमच्या घराला तुझी शाळा कर. आमेन.

आपला धर्मगुरू