शिकाऊ हात

द्राक्षबागेत फळछाटणी लागली की दरवर्षी एक प्रश्न पडतो. नवख्या पोराच्या हातात कात्री द्यायची, तर ओळ कुठली द्यायची? काडीवर डोळा चुकीचा धरला की त्या काडीला यंदा घड नाही, नुसता पाला. म्हणून जाणता बागाईतदार त्याला बांधाकडची ओळ देतो. चुकलं तर चुकलं. पण ओळ द्यावीच लागते, नाहीतर पुढं छाटायला माणूस मिळायचा नाही.

वेलाला कुणी विचारत नाही. पण डॉक्टरकीचं शिक्षणही असंच कुणाच्या तरी अंगावर व्हावं लागतं. ते अंग कुणाचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आमच्या वडलांच्या आजारपणापासून आहे.

वडलांच्या छातीत पाणी झालं होतं. कॉलेजला जोडलेल्या सरकारी दवाखान्यात जनरल वॉर्डात ठेवलेलं. सकाळी मोठे सर आले, मागं आठ-दहा पोरं-पोरी. सर इंग्रजीत बोलले. त्यातला 'केस' एवढा शब्द मला कळला. मग एकेकानं डावं मधलं बोट वडलांच्या पाठीवर टेकवून उजव्या मधल्या बोटानं त्यावर टकटक सुरू केली. खाली हवा असली की पोकळ वाजतं, पाणी असलं की बद्द. पहिल्या दोघांची वडलांना गंमत वाटली. पाचव्याला खोकल्याची उबळ आली. सातव्याचा हात गारठोण होता, वडील दचकले. "बाबा, हलू नका," एवढंच त्यांच्याशी मराठीत बोललं गेलं.

त्यातली एक पोरगी संध्याकाळी एकटीच आली. "आजोबा, सकाळी मला आवाज नीट कळला नाही. परत बघू का? दमला असाल तर राहू द्या."

वडील उठून बसले. "बघ की. आन् हळू नको वाजवू. कणगीत दाणं किती उरलं ते आपुन बाहेरनं वाजवूनच बघतो न्हवं? तसं वाजव."

तिनं वरून खाली वाजवत आणलं आणि एका जागी थांबली. तिचा चेहराच खुलला. "इथनं पाणी आहे, आजोबा." सकाळपासून इतक्यांनी वाजवलं, पण काय सापडलं ते वडलांना सांगणारी ती पहिली.

वडील कणगीचं बोलले ते अडाण्याचं बोलणं नव्हतं. ही रीत व्हिएन्नातल्या औएनब्रुगर नावाच्या डॉक्टरनं १७६१ साली पुस्तक लिहून मांडली. तो खाणावळवाल्याचा पोरगा. दारूची पिंपं वाजवून बघतात ते त्यानं लहानपणी पाहिलेलं, असं सांगतात. आणि कानाची नळी १८१६ सालची, पॅरिसची. एका तरण्या बाईच्या छातीला कान लावणं लेनेक डॉक्टरला प्रशस्त वाटेना, म्हणून त्यानं कागदाची सुरळी करून ऐकलं. म्हणजे नळी जन्मली ती रोग्याची लाज राखण्यापायी. आमच्या वॉर्डात मात्र पडदाच नव्हता. वडील पुरुषमाणूस, त्यांचं निभावलं. बायकांच्या वॉर्डात काय होत असेल, हा विचार तेव्हाही आला होता.

हे मी चारचौघांत काढलं की कुणीतरी म्हणतंच, फुकट उपचार मिळाले ना, मग एवढं सोसायला काय झालं? मला हे पटत नाही. औषधाच्या बदल्यात अंग द्यायचं, असा व्यवहार वडलांशी कुणी ठरवला होता? दावणीचा बैल मागून नेला तर शेजारधर्म. न विचारता सोडून नेला तर त्याला दुसरा शब्द आहे, मग नेणारा कितीही चांगल्या कामाला नेवो.

पुढं माझ्या पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन शहरातल्या खाजगी दवाखान्यात झालं. स्वतंत्र खोली, दाराला पडदा. एकही शिकाऊ पोर आत आलं नाही. डॉक्टरनं पोट दाबलं, सराईत हात होता. तो हात कुणाच्या तरी वडलांच्या पोटावर तयार झालेला. शिकताना बांधाकडची ओळ गरिबाची, आणि हात बसल्यावर मधल्या ओळी पैसेवाल्याच्या. आमच्याकडं सावड असते. आज तुम्ही माझ्या रानात राबलात, तर उद्या मी तुमच्या. वडलांची सावड कुणी फेडली, हे मला अजून दिसलेलं नाही. ती संध्याकाळची पोरगी कुठं तालुक्याच्या गावाला बसली असेल, तर फिटली म्हणायची.

माझी भाची आता एमबीबीएसला आहे. ती म्हणते, २०१९ पासून अभ्यासक्रमात रोग्याशी बोलायचं कसं, परवानगी घ्यायची कशी, याचेही तास घातलेत. शिकायला रबरी पुतळेही आहेत. "पण पुतळा दुखलं म्हणून तोंड वाकडं करत नाही, मामा. आणि आम्हाला तर पोट दाबताना रोग्याच्या तोंडाकडंच बघायला सांगतात."

दिवाळीत ती माझ्यावरच सराव करत होती. उजव्या अंगाला उभी राहिली, तळहात चोळून गरम केले, "हात लावू ना?" म्हणाली.

मी विचारलं, "आन् रोगी नको म्हणाला तर?"

"पुढच्या खाटेवर जातो."

"सगळ्याच खाटा नको म्हणाल्या तर?"

"मोठा श्वास घ्या," ती म्हणाली, आणि बरगडीखाली बोटं रुतवून माझ्या तोंडाकडं बघत राहिली.